विद्यापीठाच्या रेडिओवर राजकीय चर्चा कशी बसवायची

विद्यार्थ्यांच्या राजकीय चर्चा रेडिओवर कंटाळवाण्या होतात, त्याचं कारण विद्यार्थ्यांना राजकारण कळत नाही हे मुळीच नसतं. चांगलं कळतं. पण स्टुडिओतला लाल दिवा लागला की एरवी स्वतःच्या भाषेत बोलणारी मुलं अचानक पक्षाच्या प्रवक्त्यासारखी बोलायला लागतात. वर्गाबाहेर उभं राहून ‘त्यांचं एवढं पटतं मला, पण पुढचं नाही पटत’ म्हणणारा मुलगा माईकसमोर बसला की ‘जनता हे कदापि सहन करणार नाही’ म्हणतो. जनता त्या वेळी बहुधा दुसरं स्टेशन लावत असते.

मी विद्यापीठाच्या रेडिओवर असा चर्चेचा कार्यक्रम बसवते. बोलते ती सूत्रसंचालक, मी काचेच्या अलीकडे, घड्याळ आणि टॉकबॅकचं (आतल्यांच्या कानात बोलायचं) बटण सांभाळत. नव्याने असा कार्यक्रम सुरू करणाऱ्यांना मी जे सांगते तेच इथे लिहिलंय. त्यातला बराचसा भाग प्रक्षेपणाच्या आधीचा आहे, कारण या कामात खरी अवघड गोष्ट एकच: चर्चेतल्या दोघांचं नेमकं कुठे जुळत नाही ते आधी हुडकून काढणं. ते सापडलं तर आवाज चढवावे लागत नाहीत. नाही सापडलं तर आवाज चढवण्यापलीकडे करण्यासारखं काही उरत नाही.

आधी परवाना वाचा

रटाळ आहे, पण पहिलं काम हेच. तुमचं केंद्र कोणत्या परवान्यावर चालतं त्यावर तुम्ही काय बोलू शकता ते ठरतं, आणि यात देशोदेशी मोठा फरक आहे. भारतात शैक्षणिक संस्थांना स्वतःचं एफएम केंद्र काढायची मुभा २००२ च्या धोरणाने मिळाली, २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळू लागली. पण या कम्युनिटी केंद्रांना स्वतःच्या बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, बस्स. म्हणजे पक्षांच्या भूमिकांवरची चर्चा त्या एफएमवर घ्यायचीच नाही. ती करायची असेल तर इंटरनेटवर, आणि तीही विद्यापीठाची लेखी संमती घेऊन.

अमेरिकेत चर्चा हवी तेवढी करा, पण ना-नफा शैक्षणिक केंद्राने स्वतः कुठल्या उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध जाहीर करायचा नाही, असं कायदाच सांगतो. वादग्रस्त विषयावर वेगवेगळ्या बाजू ऐकवण्याची सक्ती करणारी तिथली ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ १९४९ मध्ये आली आणि १९८७ मध्ये गेली. उमेदवारांना समान संधी देण्याचा नियम मात्र अजून आहे. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामकाच्या संहितेप्रमाणे मतदान केंद्रं उघडली की निवडणुकीच्या मुद्द्यांवरची चर्चा थांबवावी लागते.

तेव्हा केंद्रप्रमुखांकडे परवान्याच्या अटींची प्रत मागा आणि स्वतः वाचा. ‘चालतं हो, करा तुम्ही’ असं तोंडी कुणी म्हटलं तर त्यावर विसंबू नका. तक्रार आली की हे वाक्य बोलल्याचं कुणालाच आठवत नाही. आणि केंद्र फक्त इंटरनेटवर असेल तर प्रसारणाचे नियम कदाचित सैल असतील, बदनामीचा कायदा सैल नसतो.

विषय नको, ठराव हवा

‘निवडणूक सुधारणा’ हा विषय झाला. त्यावर भाषण करता येतं, वाद घालता येत नाही. ‘मतदान सक्तीचं करावं’ हा ठराव. तो ऐकल्याबरोबर माणूस मनातल्या मनात हो किंवा नाही म्हणतो, आणि तिथेच तुमचा श्रोता अडकतो.

१७ मे १९४८ ला अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी झुंजणारे थॉमस ड्यूई आणि हॅरल्ड स्टासन यांचा रेडिओवर वाद झाला. तासभराचा वाद, लाखो श्रोते, आणि प्रश्न एकच: अमेरिकेत कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालावी का? अर्थव्यवस्था नाही, शेती नाही, परराष्ट्र धोरण नाही. एवढ्या मोठ्या दोन राजकारण्यांना एक प्रश्न तासभर पुरला. तुमच्या अर्ध्या तासात चार प्रश्न कोंबायचा मोह झाला तर हे आठवा.

ठरावाची भाषा तपासताना मी काही गोष्टी बघते. क्रियापद एकच हवं. ‘करावं आणि त्याचबरोबर’ असं आलं की तो दोन ठरावांचा जोड आहे, एक काढून टाका. माणसाचं नाव नको. ‘अमुक मंत्र्यांनी राजीनामा द्यावा’ या ठरावावर त्या माणसाच्या चारित्र्याची चर्चा होते, आणि त्यातून वकिलाची नोटीस येऊ शकते. विशेषणं नकोत. ‘अन्यायकारक फीवाढ मागे घ्यावी’ म्हटलं की विरुद्ध बाजूच्या मुलीला आधी ‘अन्यायकारक’ या शब्दाशी लढावं लागतं, तिचं पहिलं मिनिट त्यातच जातं.

शब्द जपून निवडायला आणखी एक कारण आहे. ९ फेब्रुवारी १९३३ ला ऑक्सफर्ड युनियन या वादसभेत विद्यार्थ्यांनी ‘हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजासाठी आणि देशासाठी लढणार नाही’ असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत केला. वर्तमानपत्रांनी तो उचलला, विन्स्टन चर्चिल यांनी त्यावर कडक शब्दांत तोंडसुख घेतलं, आणि आत काय युक्तिवाद झाले ते विसरलं जाऊन ते एक वाक्य तेवढं उरलं. तुमच्या कार्यक्रमाचंही एकच वाक्य बाहेर फिरणार आहे. ते ठरावाचंच असेल असं धरून चाला.

मतभेदाची जागा

आता मुख्य काम. बोलणाऱ्या दोघांना प्रक्षेपणाआधी तीन-चार दिवस वेगवेगळा फोन करा. एकत्र बसवू नका, नाहीतर खरी चर्चा तिथेच होऊन जाते आणि स्टुडिओत तिची शिळी प्रत ऐकू येते. फोनवर मी भूमिका विचारत नाही, ती मला माहीत असते. मी विचारते: हे मत तुझं कधीपासून? समोरच्याचं कोणतं म्हणणं तुला खोडता येत नाही? आणि काय कळलं तर तू मत बदलशील?

तिसऱ्या प्रश्नावर ‘काहीही कळलं तरी बदलणार नाही’ असं उत्तर आलं तर तो विद्यार्थी वाईट नव्हे, पण या कार्यक्रमाला उपयोगाचा नाही. त्याला भाषण करायचंय. भाषणाची जागा वेगळी असते.

फोनवरच्या टिपणांतून मी मतभेद तीन ठिकाणी शोधते. सक्तीच्या मतदानाचंच घ्या. पहिलं ठिकाण वस्तुस्थितीचं: सक्तीने मतदान वाढतं का? इथे वाद फारसा टिकत नाही. ऑस्ट्रेलियात १९२२ च्या निवडणुकीत साठ टक्क्यांहून कमी लोकांनी मत दिलं होतं. १९२४ मध्ये सक्तीचा कायदा झाला आणि १९२५ ला टक्केवारी नव्वदच्या पुढे गेली. यावर दोघांनी भांडणं म्हणजे वेळ घालवणं. दुसरं ठिकाण मूल्यांचं: मत न देणं हाही नागरिकाचा हक्क आहे का? इथे प्रामाणिक माणसं आयुष्यभर एकमेकांशी असहमत राहू शकतात. तिसरं ठिकाण उपायाचं: सक्ती मान्य केली तरी न पाळणाऱ्याला करायचं काय? दंड लावला तर तो गरिबाला जास्त बोचणार. आणि यादीतच नाव नाही त्याचं काय?

तिन्ही ठिकाणी एकाच वेळी भांडण चालू राहिलं की श्रोत्याचा धागा सुटतो. एक जण आकडे सांगतो, दुसरी हक्काबद्दल बोलते, दोघांनाही वाटतं आपण जिंकलो. म्हणून फोन झाल्यावर एका कागदावर एकच ओळ लिहायची: ‘या दोघांचं न जुळण्याचं ठिकाण अमुक.’ ही ओळ लिहिता येईना तर फोन परत करा. कधी कधी असंही निघतं की दोघांचं जवळजवळ सगळंच जुळतं, फक्त एक सत्ताधाऱ्यांवर चिडलेला आहे आणि दुसरा विरोधकांवर. अशा जोडीतला एक बदलावा लागतो. आमच्याकडे हे वरचेवर होतं. मुलांना वाईट वाटतं, पण ज्याला बाजूला ठेवला त्याला संशोधनाच्या कामाला घेतलं की तो पुढच्या वेळी दुप्पट तयारीने येतो.

आणखी एक. प्रत्येक प्रश्नाला सारख्या वजनाच्या दोन बाजू असतातच असं नाही. मतमोजणीचा जाहीर झालेला आकडा काय आहे, कायद्यातल्या कलमात काय लिहिलंय, लस कशी काम करते, यावर ‘दोन्ही बाजू’ बसवणं म्हणजे समतोल नव्हे, तो गोंधळ झाला. त्या आकड्याचं, कलमाचं, लशीचं पुढे काय करायचं यावर ठराव करा.

कुणाला बोलवायचं

वक्तृत्व स्पर्धांच्या ढाली जिंकलेल्यांपासून मी जरा जपूनच असते. त्यांना थांबायचं कुठे ते कळतं, पण ऐकायचं कधी ते कळतंच असं नाही. आमच्या कार्यक्रमातली काही उत्तम माणसं कधी व्यासपीठावर चढलेलीच नव्हती. पदार्थविज्ञानाचा एक मुलगा आकडेवारीच्या प्रश्नावर सरळ म्हणाला, ‘हे मला माहीत नाही, पण माहीत नसताना मी या बाजूला का आहे ते सांगतो.’ पुढची दोन मिनिटं त्या महिन्यातली सगळ्यात चांगली होती.

दोन पाहुणे आणि एक सूत्रसंचालक, त्यापेक्षा जास्त आवाज नकोत. रेडिओवर चेहरे नसतात. चौथा आवाज आला की ऐकणाऱ्याचं लक्ष युक्तिवादावरून ‘हा आत्ता कोण बोलला?’ याकडे जातं. दोघांचे आवाजही सहज वेगळे ओळखू यायला हवेत. सारख्याच पट्टीत, सारख्याच वेगाने बोलणारे दोन मित्र समोरासमोर बसवले तर पाच मिनिटांनी मलाच कळेनासं होतं, आणि मी तर त्यांना काचेतून बघत असते.

पाहुणा एखाद्या पक्षाच्या विद्यार्थी संघटनेत असेल तर हरकत नाही. पण ते सुरुवातीलाच सांगायचं, त्याच्याच तोंडून. लपवलेलं मधेच उघडं पडलं की पुढे तो काहीही बोलला तरी कुणी ऐकत नाही.

एकाच पानाचा कागद

दोन्ही बाजूंना मी एकच कागद देते. त्यात ठराव, दहाएक तथ्यं, प्रत्येक आकड्यासमोर साल आणि तो कुठून घेतला ते. विधेयकावर चर्चा असेल तर विधेयकाचा मूळ मजकूर, बातमीतला गोषवारा नव्हे. या कागदावरच्या कशालाही आक्षेप असेल तर तो आदल्या संध्याकाळपर्यंत कळवायचा. त्यानंतर त्यावर वाद नाही. याने अर्धी भांडणं आधीच मिटतात, आणि मिटायला हवीत अशीच ती असतात.

आकडे बोलायचे कसे तेही शिकवावं लागतं. ‘५९.३८ टक्के’ हे डोळ्यांसाठी आहे. कानासाठी ‘दहातले सहासुद्धा नाहीत’. आणि एका दमात दोन आकडे नाहीत. पाहुण्याने तिसरा आकडा काढला की आमची सूत्रसंचालक मधेच विचारते, ‘यातला एकच लक्षात ठेवायचा तर कोणता?’ हा प्रश्न मी तिला शिकवलेला नाही, तिचा स्वतःचा आहे, आणि तो सगळ्यांनी उचलावा.

लिहून आणलेलं वाचू मात्र द्यायचं नाही. शिकागो विद्यापीठाच्या प्राध्यापकांची ‘राउंड टेबल’ नावाची रेडिओ चर्चा १९३१ मध्ये सुरू झाली, १९३३ पासून एनबीसी या अमेरिकन रेडिओ कंपनीच्या देशभरच्या जाळ्यावर गेली आणि १९५५ पर्यंत चालली. तिथे लिहिलेली संहिता वाचत नसत, मुद्दे मात्र आधी बसून ठरवत. तोच मधला रस्ता. पाहुण्याच्या हातात पोस्टकार्डाएवढा एक कागद, त्यावर शब्द, वाक्यं नाहीत. पूर्ण वाक्य लिहिलं की डोळे कागदावर जातात आणि आवाज सपाट होतो.

अर्ध्या तासाची मांडणी

आमचा कार्यक्रम अठ्ठावीस मिनिटांचा असतो. पहिल्या मिनिटात ठराव आणि कोण कुठल्या बाजूला, एवढंच; पाहुण्यांचे छंद आणि बक्षिसं नाहीत. मग प्रत्येकी दोन मिनिटं स्वतःची बाजू.

त्यानंतर पूर्वपक्ष. आपल्या शास्त्रग्रंथांत ही जुनी शिस्त आहे, खंडन करायच्या आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. आम्ही ती जशीच्या तशी घेतली. प्रत्येकाने समोरच्याचं म्हणणं मिनिटभरात, त्याला मान्य होईल असं सांगायचं. ‘बरोबर आहे का?’ असं सूत्रसंचालक विचारते. समोरचा ‘नाही, मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणाला तर परत. पहिल्यांदा मुलांना हे शाळकरी वाटतं. पण याच तीन मिनिटांत श्रोत्याला दोन्ही बाजू दुसऱ्यांदा, वेगळ्या आवाजात आणि थोडक्यात ऐकायला मिळतात, आणि रेडिओवर कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय ठरत नाही.

मग बारा मिनिटं त्या एका ओळीवर, जी तुम्ही फोननंतर कागदावर लिहिली होती. हा कार्यक्रमाचा गाभा. इथे घड्याळ लावून पाळ्या देत नाही. त्यांना एकमेकांशी बोलू देते. शेवटी पाचेक मिनिटं श्रोत्यांचे प्रश्न आणि दोन-तीन मिनिटं समारोप. समारोपात ‘म्हणून मी पुन्हा एकदा सांगतो’ नको. प्रत्येकाने आपल्याला अजून न सुटलेला एक प्रश्न सांगायचा आणि थांबायचं.

सूत्रसंचालन

निःपक्षपाती असणं म्हणजे दोघांना सारखे सेकंद देणं, हा समज सोडून द्या. पाल्हाळ लावणाऱ्याला थांबवावंच लागतं आणि लाजाळूला खेचून बाहेर काढावं लागतं. मोजायचंच तर प्रश्नांचा कडकपणा मोजा. एका बाजूला ‘याचा पुरावा काय?’ विचारलं असेल तर दुसऱ्या बाजूलाही त्याच कार्यक्रमात तोच प्रश्न, तितक्याच सुरात गेला पाहिजे. मी काचेअलीकडे त्याच्या खुणा करत बसते.

सूत्रसंचालकाचं स्वतःचं मत ठाम असेल, तर त्याला मी त्या विषयाला बसवत नाही. मत लपवता येतं हे खरं, पण ‘हं’ लपवता येत नाही. आपल्या बाजूच्या मुद्द्यावर निघणारा तो छोटासा ‘हं’ श्रोता बरोबर पकडतो.

नावं सतत घ्यायची. ‘तुझं काय म्हणणं?’ नाही, ‘मीरा, आदित्य म्हणतो दंड गरिबालाच बोचेल, तुझं काय म्हणणं?’ असं. (नावं उदाहरणादाखल.) यातून कोण बोललं, काय बोललं आणि आता कोण बोलणार, ही तिन्ही कामं एका वाक्यात होतात. उशिरा रेडिओ लावणाऱ्यासाठी ठराव दर सहा-सात मिनिटांनी पुन्हा सांगायचा.

दोघं एकदम बोलायला लागले तर चार-पाच सेकंद जाऊ द्यावं, त्यात जान असते. त्यापुढे शब्द कळेनासे होतात आणि श्रोत्याला फक्त गोंगाट ऐकू येतो. अशा वेळी ‘कृपया शांतता राखा’ म्हणून काही होत नाही. एकाचं नाव घ्यायचं, आणि त्याला छोटा, होय-नाहीचा प्रश्न टाकायचा. उत्तर द्यायला तो थांबतो, दुसराही थांबतो, कारण त्यालाही ते उत्तर हवं असतं.

कुणी आरोप केला, अमक्याने पैसे खाल्ले वगैरे, तर लगेच तिथल्या तिथे: ‘हा आरोप आहे, तो सिद्ध झालेला नाही, आणि ज्यांच्यावर आहे ते इथे नाहीत.’ हे वाक्य सूत्रसंचालकाच्या कागदावर वरच लिहिलेलं हवं. ऐन वेळी सुचत नाही. आणि ‘तुम्ही लोक’ हा शब्दप्रयोग आला की थांबवून ‘कोण लोक?’ विचारायचं. जात, धर्म, प्रांत यांवर घसरणारी बहुतेक वाक्यं या एका प्रश्नापुढे टिकत नाहीत.

स्टुडिओ

लवकर उरकते. दोन पाहुण्यांना शेजारी शेजारी नाही, समोरासमोर बसवा. कार्डिऑइड माईक मागच्या बाजूचा आवाज कमी पकडतो, त्यामुळे समोरच्याचा आवाज आपोआप दबतो; शिवाय डोळ्यांत बघून बोलताना माणूस कमी ओरडतो. तोंडापासून माईक साधारण वीतभर, सरळ समोर नाही तर किंचित तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फुटत नाहीत. दोन माईकमधलं अंतर तोंड आणि माईकमधल्या अंतराच्या तिप्पट तरी हवं. जमलं तर प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक रेकॉर्ड करा. लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास धरा, कारण राजकारणावर बोलताना दहाव्या मिनिटाला सगळ्यांचाच आवाज चढतो आणि तेव्हा वर जागा शिल्लक हवी. लेव्हल बघायला ‘हॅलो, एक दोन तीन’ म्हणून घेऊ नका. ‘तुला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते सांग’ म्हणा. खरी लेव्हल तिथे कळते.

टेबलावर हात आपटणाऱ्यांसाठी खाली जाडसर कापड. बांगड्या, पेनाची टिकटिक आणि फोन बाहेर.

श्रोते आणि त्यांची मतं

फोन थेट प्रक्षेपणात घेणार असाल तर काही सेकंद उशिराने प्रसारण करणारी सोय लागते, म्हणजे शिवी आली तर तोडता येते. ती सोय नसेल तर थेट फोन घेऊच नका. आवाजी संदेश आधी मागवा, ऐका, निवडा. निवडताना तारीफ आणि शिव्या दोन्ही बाजूला ठेवून फक्त प्रश्न घ्या. अमेरिकेतल्या ‘अमेरिकाज टाउन मीटिंग ऑफ द एअर’ या कार्यक्रमात १९३५ पासून पुढे दोनेक दशकं सभागृहातले साधे लोक उठून वक्त्यांना प्रश्न विचारत, आणि लोक गट करून तो ऐकायला बसत. माझ्या मते त्याची ओढ वक्त्यांपेक्षा त्या प्रश्नांत होती.

कार्यक्रमाच्या शेवटी ‘आमच्या सत्तर टक्के श्रोत्यांचा ठरावाला पाठिंबा आहे’ असं कधीही सांगू नका. ज्यांना संदेश पाठवावासा वाटला, त्यांचेच ते सत्तर टक्के. १९३६ च्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ नियतकालिकाकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या होत्या आणि तरी त्यांचा अंदाज आल्फ लँडन यांच्या बाजूने होता; रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. तीच सावधगिरी रेडिओवाल्यांच्या लाडक्या गोष्टीबद्दलही बाळगावी, की अमेरिकेतल्या अध्यक्षीय उमेदवारांच्या १९६० च्या पहिल्या वादात टीव्ही बघणाऱ्यांना केनेडी जिंकले वाटले आणि रेडिओ ऐकणाऱ्यांना निक्सन. गोष्ट गोड आहे, आपल्या धंद्याला शोभणारी आहे, पण तिच्यामागचा पुरावा फार बारीक आहे.

रेकॉर्ड केलेलं कापताना

थेट की रेकॉर्ड? पहिले काही महिने रेकॉर्ड. ‘थेट’ची ऊर्जा हवी असेल तर न थांबता सलग रेकॉर्ड करा आणि कमीत कमी कापा.

कापताना एक नियम कडक पाळा: प्रश्न आणि उत्तर यांचा संबंध तोडायचा नाही. ‘हो’ हे उत्तर ज्या प्रश्नाला दिलं, त्याच प्रश्नाच्या मागे ते आलं पाहिजे. अडखळणं, खोकला, ‘म्हणजे ना’ ची माळ काढली तरी चालते, पण एकाचीच काढून दुसऱ्याची ठेवली तर तो पक्षपात झाला, कानाला लगेच जाणवणारा. आणि जो विराम विचार करण्यासाठी घेतलेला आहे तो ठेवा. उत्तराआधीचे दोन सेकंद पुष्कळ सांगतात. कापलेली प्रत बोलणाऱ्यांखेरीज तिसऱ्या कुणाला तरी ऐकवा, त्यातही ज्याचं मत तुमच्या विरुद्ध आहे अशाला.

इंटरनेटवर तुकडे टाकताना जास्त जपा. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात एकाचं वाक्य असेल तर दुसऱ्याचं उत्तरही त्याच तुकड्यात घ्या. एकोणीस वर्षांच्या मुलीचं आज तावातावाने बोललेलं वाक्य पाच वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीआधी कुणीतरी शोधून काढणार आहे. म्हणून पाहुण्यांकडून आधी लेखी संमती घ्या: काय प्रसारित होणार, कुठे, किती काळ राहणार, पूर्ण नाव की नुसतं पहिलं नाव. नंतर कुणी ‘काढून टाका’ म्हटलं तर काय करायचं तेही त्याच कागदावर ठरवून ठेवा. टिप्पण्या बघण्याचं काम पाहुण्यांवर सोडू नका, ते केंद्राचं काम आहे, आणि पहिले दोन दिवस त्यासाठी कुणीतरी नेमलेलं असावं.

मूळ, न कापलेलं रेकॉर्डिंग जपून ठेवा. भारतात कम्युनिटी केंद्राला प्रसारित कार्यक्रम तीन महिने ठेवावे लागतात, ब्रिटनमध्ये रेडिओला ४२ दिवस. आमच्याकडे आम्ही न कापलेलं वर्षभर ठेवतो, कारण तक्रारी नियमांचं कॅलेंडर बघून येत नाहीत. फाइलच्या नावात तारीख, ठरावातले दोन शब्द आणि ‘मूळ’ किंवा ‘संपादित’. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘नवीन फायनल’ अशी नावं देणाऱ्याला पुढच्या आठवड्याचे फोन करायला लावायचे.